आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाडीताईंसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसे घडवावे

आदिवासी भागासाठी तयार झालेले प्रशिक्षणाचे साहित्य हाती घेतले, की बहुतेक वेळा मुखपृष्ठाच्या कडेने वारली चित्रांतली त्रिकोणी माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचताना दिसतात. डहाणू-तलासरीच्या ताईसाठी ते ठीक आहे. पण तीच पुस्तिका, किंवा आजच्या काळात तीच चित्रफीत, धारणीच्या कोरकू ताईकडे अथवा भामरागडच्या माडिया ताईकडे पोहोचते, तेव्हा त्या नक्षीशी तिचे नाते पुण्या-मुंबईतल्या वाचकाच्या नात्याहून जवळचे नसते. संस्कृतीचा आधार म्हणजे कडेची नक्षी नव्हे, आणि ‘आपली संस्कृती’ नावाचे शेवटचे प्रकरणही नव्हे. कोणत्या भाषेत शिकवायचे, कोणत्या महिन्यात शिकवायचे, उदाहरण कोणाच्या अंगणातले घ्यायचे आणि कोणाला विचारून घ्यायचे, या चार प्रश्नांची उत्तरे स्थानिक असतील तरच प्रशिक्षण स्थानिक होते. हा लेख असे प्रशिक्षण तयार करणाऱ्या संस्था, पर्यवेक्षिका आणि अभ्यासक्रम-लेखकांसाठी आहे.

‘आदिवासी’ हा एक गट नाही, हे आधी मान्य करावे

2011च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 5 लाख, म्हणजे राज्याच्या 9.35 टक्के होती. पालघरमध्ये वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी, नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा, मावची, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंड आणि माडिया, यवतमाळमध्ये कोलाम, या समाजांना एकाच अभ्यासक्रमात बसवण्याचा मोह प्रशासकीय सोयीतून येतो. भाषेच्या अंगाने पाहिले तर ही सोय किती फसवी आहे ते लगेच कळते. वारली, भिली, पावरी या भाषा मराठीच्याच आर्यभाषा-कुळातल्या आहेत. गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविड कुळातल्या आहेत. कोरकू तर मुंडा गटातली, म्हणजे संथाळीच्या नात्यातली. मराठीत जे ‘पाणी’, ते गोंडीत ‘येर’, कोलामीत ‘ईर’ आणि कोरकूत ‘डा’. तहान लागलेले तीन वर्षांचे मूल ‘डा’ म्हणते आणि ताईला ते कळत नाही, एवढ्या एका प्रसंगात पूर्वप्राथमिक शिक्षणाचा निम्मा प्रश्न सामावलेला असतो.

म्हणून पहिले काम संहिता लिहिण्याचे नाही, तर ताईंची मोजदाद करण्याचे आहे. एका बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांत, साधारणपणे तीन प्रकारच्या ताई भेटतात. काही मुलांच्याच समाजातल्या असतात आणि त्यांची घरची भाषा मुलांचीच असते. काही आदिवासी असल्या तरी दुसऱ्या समाजातल्या असतात. आणि काही मराठीभाषक, लग्न होऊन किंवा नेमणुकीने त्या गावात आलेल्या असतात. या तिघींना एकच धडा देणे चूक आहे. पहिलीला भाषा शिकवायची नसते. तिला एवढाच विश्वास द्यायचा असतो की अंगणवाडीत मुलांशी घरच्या भाषेत बोलणे ही चूक नव्हे. अनेक ताईंनी स्वतःच्या शाळेत घरची भाषा बोलल्याबद्दल बोलणी खाल्लेली असतात, आणि पर्यवेक्षिका भेटीला आल्या की त्या नकळत प्रमाण मराठीवर येतात. 2022च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात घरची भाषा हेच शिकण्याचे मुख्य माध्यम मानले आहे, ही गोष्ट पहिल्याच घटकात, आणि शक्य तर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या आवाजात, सांगावी. वरिष्ठांच्या तोंडून परवानगी आली की ताईच्या मनावरचे ओझे उतरते.

तिसऱ्या प्रकारच्या ताईसाठी मात्र भाषेचा स्वतंत्र घटक हवा. त्यात व्याकरण नको. रोजच्या कामाची 40-50 वाक्ये हवीत: ये, बस, पाणी हवे का, पोट दुखते का, आई शेतावर गेली का, कोणी मारले, शू लागली का. ही वाक्ये त्याच खोऱ्यातल्या बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत, कारण एका तालुक्यातली गोंडी दुसऱ्या तालुक्यात जशीच्या तशी चालतेच असे नाही. लिखित मजकूर देवनागरीत द्यावा, कारण ताईची नोंदवही आणि तिचा सराव त्याच लिपीत असतो. गोंडीसाठी स्वतंत्र लिप्या आहेत, त्यांतली एक मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918मध्ये घडवली. तिचा आदरपूर्वक परिचय करून द्यायला हरकत नाही, पण कामाच्या सूचना त्या लिपीत दिल्या तर त्या वाचल्या जाणार नाहीत.

वारली किंवा कोकणा समाजाच्या कोकणीसारख्या मराठीजवळच्या भाषांत अडचण वेगळी असते. तिथे मूल मान डोलावते, ताईला वाटते त्याला समजले, आणि गोष्ट पुढे सरकते. या भागांसाठी ‘समजले का?’ विचारण्याऐवजी ‘आता तू सांग’ म्हणण्याची सवय लावणारा घटक अधिक उपयोगी पडतो.

कोसबाडचा धडा

‘अंगणवाडी’ हा शब्दच मुळात आदिवासी पाड्यांजवळ घडला, याची आठवण प्रशिक्षण तयार करणाऱ्यांनी ठेवली पाहिजे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. मोठी मुले गुरे राखायला जातात म्हटल्यावर शाळा कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे, पाने, माती यांतून साधने उभी केली.

अभ्यासक्रमात या दोघींचे चरित्र घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, निदान दोन मिनिटांपलीकडे जाऊ देऊ नये. घ्यायची आहे ती त्यांची रीत: मूल जिथे आहे तिथे जायचे, आणि तिथे जे आहे त्यातूनच शिकवायचे. ऑनलाइन प्रशिक्षणाला हीच कसोटी ताईच्या बाबतीत लावावी. ताई ज्या वेळी, ज्या फोनवर, ज्या ठिकाणी बसलेली असते, तिथे ते जाते का?

ताईचा दिवस, ताईचा फोन, ताईचे वर्ष

एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हापासून पूर्वशालेय शिक्षण हे अंगणवाडीच्या सहा सेवांपैकी एक आहे. उरलेल्या पाच म्हणजे पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरजेनुसार पुढच्या दवाखान्यात पाठवणे) आणि पोषण-आरोग्य शिक्षण. त्यांत वजन-उंचीची नोंद, गृहभेटी, घरपोच आहाराचे वाटप, महिन्याचा गोषवारा आणि गावात येणारे प्रत्येक सरकारी सर्वेक्षण मिळवले, की ताईच्या हातात दुपारचा तासभरही सलग राहत नाही. दीड तासाचे थेट ऑनलाइन सत्र ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी मांडून पाहावा.

फोनचा इतिहासही कडू आहे. 2021च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोनची क्षमता अपुरी होती, तो तापत होता, आणि पोषण ट्रॅकर हे ॲप मराठीऐवजी इंग्रजीत भरावे लागत होते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ज्या फोनवरून रोज माहिती मागितली जाते, त्याच फोनवर आता शिकायचेही आहे, असे म्हटल्यावर ताईला ते आणखी एक ‘भरणे’ वाटले तर तिचा दोष नाही. त्यामुळे प्रशिक्षणाचे ॲप वेगळे काढू नये. ताई ज्या व्हॉट्सॲपवर आधीच आहेत तिथे जावे. किती मिनिटे पाहिले, कुठे थांबवले, अशी पाळत ठेवणारी व्यवस्था मुळीच ठेवू नये. प्रशिक्षणाचा वेळ कामाच्या वेळेत धरावा, आणि डेटाचा खर्च ताईच्या मानधनातून जाणार नाही याची लेखी तजवीज आधी करावी, मगच पहिला घटक पाठवावा.

घटक चार ते सहा मिनिटांचा असावा, आणि शक्य असेल तिथे चित्रफितीऐवजी निव्वळ आवाजाचा असावा. आवाजाची फाईल लहान असते, कमकुवत नेटवर्कवरही उतरते, आणि ताई चुलीपाशी बसूनही ती ऐकू शकते. ज्या पाड्यावर नेटवर्क येतच नाही, तिथली ताई आठवडी बाजाराला किंवा मासिक बैठकीला तालुक्याला येते, तेव्हा तिने पुढच्या चार आठवड्यांचे घटक एकदम उतरवून न्यावेत अशी रचना करावी. ‘ऑनलाइन’ या शब्दाचा अर्थ डोंगरात एवढाच होतो: महिन्यातून एकदा जोडले जाणे आणि उरलेला महिना त्याच्या शिदोरीवर चालणे.

वर्षाचे वेळापत्रक शैक्षणिक वर्षावरून नव्हे, शेतीवरून आखावे. पालघर-जव्हारकडे राब भाजण्याचे, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करण्याचे दिवस वेगळे, आवणीचे (भातलावणीचे) वेगळे, झोडणीचे (मळणीचे) वेगळे. आवणीच्या दिवसांत पाडा ओस पडलेला असतो, आणि ताईचेही शेत असतेच. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, नंदुरबारकडची ऊसतोडीला जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून सहा महिने बाहेर राहून आलेल्या मुलाला पुन्हा कसे सामावून घ्यावे, हा घटक मे-जूनमध्ये यायला हवा; तोच डिसेंबरमध्ये पाठवला तर समोर ती मुले नसतात.

गावाला विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण नाही

गाणी, गोष्टी, खेळ गोळा करायला निघण्यापूर्वी ग्रामसभेपुढे विषय ठेवावा. हा केवळ शिष्टाचार नाही. 1996चा पंचायत विस्तार कायदा, ज्याला सगळे ‘पेसा’ म्हणतात, तो ग्रामसभेला आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानतो; महाराष्ट्राने त्याचे नियम 2014मध्ये केले. पेसा राज्यातल्या 13 जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रांना लागू आहे. रायगडातल्या कातकरी वाड्या त्यात येत नाहीत. पण कायदा लागू नाही म्हणून विचारायचे नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

ग्रामसभेत तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: काय मुद्रित करणार, ते कोण कोण ऐकणार, आणि कोणती गोष्ट बाहेर जाता कामा नये. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शांतपणे ऐकावे. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढला जाणारा देवचौक, त्यातली पालघट देवी आणि त्या वेळी लग्न लावणारी धवलेरी म्हणते ती गाणी, हे सगळे विधीचे आहे. त्या चौकाची रेषाचित्रे काढून मुलांना रंगवायला देणारी कार्यपत्रिका दिसायला गोड असते. पण ती देवघरातला टाक उचलून खेळण्यांत ठेवण्यासारखी आहे. त्याच गावातली बडबडगीते, गुरे हाकण्याच्या हाळ्या, बाळाला झोपवण्याचे सूर, कोडी, पावसाळ्यातले खेळ मात्र लोक आनंदाने देतात, आणि बालशिक्षणाला खरी गरज त्यांचीच आहे.

जी आजी गोष्ट सांगते तिचे नाव तिला हवे असेल तर घटकात घ्यावे, आणि तिला मानधन द्यावे. तज्ज्ञाला व्याख्यानाचे पैसे आणि आजीला चहा, ही वाटणी सर्वत्र चालते म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

एक घटक प्रत्यक्ष रचून पाहू

विषय घेऊ: गटात मोजणे. नेहमीच्या साहित्यात इथे सफरचंदे येतात. गडचिरोलीतल्या मुलाने त्याऐवजी मे महिन्यात आईला तेंदूपाने मोजताना पाहिलेले असते. राज्यात 70 पानांचा एक पुडा बांधतात, आणि पुडे फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, रांगांनी वाळत घातलेले असतात. चार वर्षांच्या मुलाला 70पर्यंत मोजता यावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. पण सारख्या वस्तूंची जुडी बांधायची आणि मग जुड्या मोजायच्या, ही कल्पना त्याच्या डोळ्यांसमोरून कित्येकदा गेलेली असते. गणिताच्या पुस्तकात हाच विचार पुढे ‘दशक’ म्हणून येतो.

घटकाची सुरुवात एखाद्या आईच्या आवाजाने करावी: पाने मोजतानाचे तिचे आकडे, तिच्याच भाषेत, अर्धा मिनिट. मग निवेदिकेने ताईला एकच प्रश्न विचारावा: ‘तुमच्या अंगणवाडीतल्या किती मुलांनी हे पाहिले आहे?’ यापुढे दीड-दोन मिनिटे एखाद्या खऱ्या अंगणवाडीतले दृश्य असावे, ज्यात ताई पळसाची पाने अंगणात पसरते, मुले आधी लहान-मोठी वेगळी करतात, मग पाच-पाच पाने एकत्र करून वाखाच्या दोरीने बांधतात, आणि शेवटी कोणाच्या किती जुड्या झाल्या ते घरच्या भाषेत सांगतात. दृश्यातल्या एखाद्या मुलाची जुडी सुटली, कोणी चारच पाने बांधली, एखादे मूल उठून गेले, तर ते कापून टाकू नये. गुळगुळीत चित्रफीत पाहून ताईला वाटते, हे शहरातल्या शाळेत होते, माझ्याकडे नाही. अखेरच्या मिनिटात उद्या सकाळी काय करून पाहायचे ते एका वाक्यात सांगावे, आणि काय घडले ते स्वतःच्या भाषेत एका मिनिटाच्या ध्वनिसंदेशातून पाठवायला सांगावे.

इथे एक इशारा. तेंदूपाने मोजणे हा त्या घरासाठी खेळ नसतो. ती उन्हाळ्याची कमाई असते, आणि पहाटेपासून जंगलात गेलेल्या आईबरोबर मूल जाते ते बहुधा घरी सांभाळायला कोणी नसते म्हणून. घटकाने त्या अनुभवातले गणित उचलावे; पण मुलांनी कामाला जाणे किती छान, असा सूर येऊ देऊ नये.

आहाराच्या घटकांनाही हीच रीत लागू पडते, किंबहुना अधिक. सफरचंद-केळ्यांची तक्ते-चित्रे जव्हारच्या पाड्यावर दाखवणे म्हणजे त्या घरात काही खायलाच नाही असे सुचवणे आहे, आणि त्याच वेळी पावसाच्या पहिल्या सरींनंतर तिथे शेवळी, कुर्डू, टाकळा, करटोली, बांबूचे कोवळे वास्ते यांची रेलचेल असते. शेतात नाचणी आणि वरई असते. शेवळी नुसती शिजवली तर घशाला खाजते, म्हणून ती काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालून करतात. हे ज्ञान कोणत्याही प्रशिक्षकाकडे नसते. मदतनीस ताईंकडे असते. तेव्हा या घटकात ताईला माहिती देण्याऐवजी काम द्यावे: गावातल्या तीन म्हाताऱ्यांना विचारून, कोणती भाजी कधी येते, कशी करतात आणि लहान मुलांना कोणत्या वयापासून देतात, याची यादी बनवावी. तज्ज्ञाने त्या यादीवर पोषणाच्या बाजूने भर घालावी, आणि तीच यादी त्या बीटची पाठ्यवस्तू व्हावी.

समोरासमोरची बैठक आणि पारख

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी आणि त्यापुढे शिकलेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. हे दोन्ही अभ्यासक्रम स्मार्टफोन आणि डीटीएच वाहिन्यांवरून दूरस्थ पद्धतीने चालवता येतील असे म्हटले, आणि त्याबरोबर महिन्यातून किमान एक संपर्क वर्गही सांगितला. प्रत्यक्षात दूरस्थ भाग उत्साहाने उचलला जातो आणि संपर्क वर्ग विसरला जातो. माझ्या मते तो वर्ग गेला तर बाकीचे सगळे गेले. घटक फोनवरून पोहोचतो, पण ‘माझ्याकडे हे जमले नाही’ हे वाक्य ताई ग्रुपवर लिहीत नाही. ते ती शेजारच्या ताईला, जेवणाचे डबे उघडल्यावर सांगते. मासिक बैठकीतला एक तास अहवालांपासून राखून ठेवावा आणि तो पर्यवेक्षिकेने नव्हे, आळीपाळीने ताईंनीच चालवावा.

बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन चाचणी ठेवू नये. तिने मराठी वाचनाचा वेग मोजला जातो, मुलांबरोबरच्या कामाची पारख होत नाही, आणि उत्तरे ग्रुपवर फिरतात ती वेगळीच. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: ताईने पाठवलेले ध्वनिसंदेश, तिने स्थानिक वस्तूंतून केलेले एखादे साधन, आणि पर्यवेक्षिकेने भेटीत अर्धा तास शांत बसून केलेले निरीक्षण. ध्वनिसंदेश कोरकूत किंवा माडियात आला तर तो समजणारी व्यक्ती तपासणीत हवी. तिच्यासाठीची तरतूद अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावी.

मुलांचे चेहरे दिसणारी छायाचित्रे आणि चित्रफिती ग्रुपवर मागवू नयेत. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. हात, पाने, मातीची चित्रे, पाठमोरी मुले यांतून काम चांगले दिसते. कुपोषित मुलाचे छायाचित्र तर कोणत्याच कारणासाठी प्रशिक्षणात वापरू नये. त्याची आई त्याच गावात राहत असते.

चाचपणी, दुरुस्ती आणि मूळ प्रती

पूर्ण अभ्यासक्रम तयार होण्याची वाट न पाहता पहिले तीन घटक झाले की दोन वेगळ्या बीटमध्ये चालवून पाहावेत. एक रस्त्यालगतचे, एक आतले. रस्त्यालगत चाललेला घटक आत अडतो तो बहुधा मजकुरामुळे नाही, फाईलच्या आकारामुळे किंवा निवेदिकेच्या वेगामुळे. ताईंनी सुचवलेली दुरुस्ती त्याच महिन्यात करून नवा आवाज पाठवला, की पुढच्या वेळी त्या अधिक मोकळेपणाने चुका दाखवतात. वर्षभरानंतर निम्मे घटक ताईंच्याच आवाजात पुन्हा मुद्रित व्हावेत, आणि त्यांवर लेखिका म्हणून त्यांची नावे यावीत.

मूळ ध्वनिमुद्रणे केवळ संस्थेच्या संगणकावर ठेवू नयेत. प्रकल्पाचा निधी संपतो, माणसे बदलतात, संकेतस्थळ बंद पडते, आणि आजीच्या आवाजातली गोष्ट तिच्या नातवंडांनाही मिळत नाही. प्रत्येक गावाची मुद्रणे एका पेन ड्राइव्हवर आणि एका मेमरी कार्डवर घालून, सोबत कोणी काय सांगितले याची देवनागरीतली यादी जोडून, ग्रामसभेच्या दप्तरी पोच घेऊन द्यावीत, आणि दुसरी प्रत अंगणवाडीच्या कपाटात ठेवावी.